सॅम्पलच्या दिवशीचा चहा

१

शहरभरच्या स्वयंपाकघरांत नाक खुपसणाऱ्या ऑफिसातच चहा पिऊन माणसं आडवी पडावीत, यासारखी नामुष्की नाही. कुठली खाणावळ घाणेरडी, कुठल्या कारखान्यात हवा खेळत नाही, कुठली भाड्याची खोली राहण्याजोगी नाही, हे सांगायला सरकार ज्यांना पगार देतं, त्यांच्याच पँट्रीत हा प्रकार घडला.

ताई दुपारची फिरती आटोपून जिना चढत होत्या, तेव्हा वरून स्ट्रेचर उतरत होतं. जिना अरुंद. त्यांनी भिंतीला पाठ लावून वाट दिली. स्ट्रेचरवर हेडक्लार्क नाना होते. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात पोटावर घट्ट दाबलेले. नानांना आधीच हृदयाचा त्रास होता. "ताई, आग होतेय हो आत," एवढंच ते म्हणाले आणि खाली गेले.

ताई या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या तपासनीस. त्यांना सगळेच ताई म्हणत, साहेबसुद्धा. सारी नोकरी दुसऱ्यांची झाकणं उघडून बघण्यात गेली होती. बाहेर कुठे खायची हौस कधीच मेली होती, गुडघेही बोलायला लागले होते, आणि निवृत्तीला अजून थोडा अवकाश होता. रोज जिना चढताना त्यांना वाटायचं, आज वर काही घडलेलं नसावं. आज घडलं होतं.

साहेब दारातच उभे होते. "बरं झालं आलात. चार वाजताचा चहा झाला आणि पाच मिनिटांत सुरू. नाना, टायपिस्ट आणि आपला घरतपासनीस. उलट्या, पोटात आग. टायपिस्ट थोडक्यात सुटली, नानांचं काही खरं नाही."

"चहा कुणी केला?"

"मावशींनी. रोज त्याच करतात." साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि स्वतः घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, मन नव्हतं. गेल्या आठवड्यात घरतपासनीसानं त्यांची खोली राहायला अयोग्य ठरवली. ओल आहे, हवा नाही, रिकामी करा. नोटीस तुमच्या सहीसाठी तुमच्याच टेबलावर पडलीय. आता तुम्हीच जोडा काय ते."

ताईंनी काही जोडलं नाही. ती नोटीस त्यांनी आठवडाभर पेपरवेटखाली ठेवली होती, हे मात्र आठवलं. त्याच आठवडाभर मावशी रोज त्यांच्या टेबलावर चहा ठेवून जात होत्या आणि त्या नोटिशीबद्दल एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

"मावशी कुठे आहेत?"

"स्टोअररूममध्ये बसवलंय. फोन काढून घेतलाय. पोलिसांना कळवलंय, येतीलच. त्याआधी तुमचा अहवाल तयार पाहिजे. फार खोलात जाऊ नका ताई, चहावाल्या बाईनं रागाच्या भरात काहीतरी मिसळलं, एवढं पुरे आहे."

२

ताई खोलात जाणार नव्हत्याच, त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं. पण खाण्यातून बाधा झाली की कुणी काय खाल्लं हे विचारायचं, ही सवय हाडीमाशी भिनलेली. त्यांनी साहेबांपासूनच सुरुवात केली.

"तुम्ही चहा घेतला?"

"घेतला. पण माझा कोरा. साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी दूध-साखर दोन्ही बंद केलंय. मावशी आधी माझा कोरा कप काढतात आणि मग त्याच पातेल्यात दूध-साखर घालतात."

"पाणी तेच, पातेलं तेच, चहापत्ती तीच?"

"तेच सगळं. मला काही झालं नाही बघा." साहेबांना यात स्वतःच्या प्रकृतीचं कौतुक वाटल्यासारखं दिसलं.

"आणखी काय खाल्लंत?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेबलाच्या खालच्या खणातून एक पत्र्याचा डबा अर्धवट डोकावत होता. ताईंनी तो ओढून बाहेर काढला. आत बिस्किटं होती, महागातली, निम्मी संपलेली.

"ते आपले नाक्यावरचे खाणावळवाले. परवा त्यांच्या स्वयंपाकघराला आपण टाळं लावलं ना, ते विनवायला आले होते. डबा ठेवला आणि बाहेर बसलेत. मी आणा म्हटलं नव्हतं."

"पण खाल्लीत."

"सगळ्यांनीच खाल्ली. नानांनी चार."

ताईंनी डबा बंद केला. खाणावळवाला बाहेर बाकावर अजून बसलेला होता. टाळं उघडून मिळाल्याशिवाय तो हलणाऱ्यातला नव्हता. ताईंना बघताच तो उठून उभा राहिला, आणि काय झालंय ते कळल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

"ताई, माझ्या पोरांची शपथ, दुकानातून बंद डबा आणलाय. मला टाळं उघडून पाहिजे हो, अख्ख्या ऑफिसला मारून मी काय मिळवणार?"

"साहेबांनी किती खाल्ली?"

"त्यांनी तर हात आखडताच घेतला नाही," तो म्हणाला, आणि आपण जास्त बोललो असं वाटून पुन्हा बाकावर टेकला.

म्हणजे बिस्किटं सुटली. साहेबांनी पोटभर खाल्ली होती आणि ते टुणटुणीत होते. ताई टायपिस्टकडे वळल्या. ती पंख्याखाली खुर्चीवर मान टाकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले.

"ताई, मी अर्धाच कप घेतला. सकाळचा चहा नेहमीसारखा होता. दुपारचा दाट होता, सॅम्पलच्या दिवशी असतो तसा. पण डोळ्यांना झोंबला. औषधासारखा वास आला. मला वाटलं, सकाळपासून कॉरिडॉरमध्ये झुरळांचं औषध मारतायत, त्याचाच असेल."

सॅम्पलचा दिवस म्हणजे ऑफिसचा छोटा सणच. डेअरीतून तपासणीसाठी दूध विकत घ्यायचं, ढवळून बाटल्यांत भरायचं, सील करून प्रयोगशाळेत पाठवायचं. बाटली भरायला कमी पडू नये म्हणून दूध नेहमी जास्तच घेतलं जाई, आणि उरलेलं कॅनसकट मावशींच्या पँट्रीत येई. कुठल्याही नियमात ते बसत नव्हतं, पण ते कधी कुणी थांबवलंही नव्हतं. त्या दिवशी नाना हटकून दोन कप मागत.

"बिस्किटं?"

"नाही खाल्ली. मला ती लाचेची वाटली," टायपिस्ट म्हणाली.

ताईंना त्या पोरीचं जरा कौतुक वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही. मागून साहेबांची हाक आली, आवाज चढलेला.

"ताई, स्टोअरचं कपाट बघितलंत? उंदरांच्या औषधाचा एक डबा कमी आहे. आणि मावशी त्याच खोलीत झाडू ठेवतात."

३

कपाटात खरंच एक जागा रिकामी होती. धुळीत डब्याचं गोल बूड उमटलेलं. मावशी त्या कपाटाशेजारीच एका खोक्यावर बसल्या होत्या, पदर मुठीत आवळून.

"मावशी, हा डबा?"

"मला ठाऊक नाही ताई. मी कपाटाला हात लावत नाही."

ताईंनी दाराकडे पाहिलं. टायपिस्ट भिंतीचा आधार घेत तिथवर आली होती आणि तिचा चेहरा उलटीनं उतरला होता त्याहून जास्त उतरला होता.

"तो मी नेला," ती म्हणाली. "आमच्या घरात उंदीर झालेत. चाळीत कुणाला सांगायची सोय नाही, लोक म्हणतील आरोग्य खात्यात आणि घरी उंदीर. उद्या परत ठेवणार होते."

"उघडलास?"

"सील तसंच आहे. माझ्या पिशवीत आहे अजून."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. ताईंना राग यायला हवा होता, पण तेवढा जोर नव्हता. शिवाय ते औषध तसं नव्हतंच. उंदीर खातो आणि दोन-तीन दिवसांनी मरतो. पाच मिनिटांत पोट जाळणारं काहीतरी वेगळंच होतं.

त्यांनी खोक्यापुढे दुसरं खोकं ओढलं आणि गुडघा दाबत बसल्या.

"मावशी, दुपारच्या चहात दूध कुठलं घातलंत?"

"सॅम्पलचं. सकाळचं पिशवीचं दूध दुपारी उकळायला ठेवलं तर नासलं. फ्रिज आठवडाभर बंद आहे, साहेबांना दोनदा सांगितलं. मग कॅनमधलं घातलं. ते चांगलं होतं."

"कॅनमधलं दूध उकळलं होतं?"

"नाही, सकाळी आणून ठेवला तसाच होता."

"आणि तुम्ही चहा का नाही घेतलात?"

मावशींनी पदराचा पीळ घट्ट केला. त्यांची नजर जमिनीवर. साहेबांनी ताईंकडे असं पाहिलं, की बघा, मी काय म्हणत होतो.

ताई पँट्रीत गेल्या. खिडकीला ऊन सरळ लागत होतं, आतलं सगळं तापलेलं. मोरीत नासलेल्या दुधाचं भांडं होतं, वर पाणी सुटून खाली चोथा बसलेला, आणि त्यावर माशांनी ठाण मांडलं होतं. कट्ट्यावर कॅन. तळाशी वाटीभर दूध उरलेलं. ते सकाळपासून त्याच उन्हात, त्याच कट्ट्यावर, न उकळता पडून होतं. ताईंनी कॅन तिरपा केला. दूध सरळ वाहिलं, एक गाठ नाही. वास आंबट नव्हता. माशा त्याच्या जवळपासही नव्हत्या.

आधी मनात आली ती डेअरी. डेअरीवाल्यानं काही भेसळ केली असेल. पण त्याचं दूध अर्धी वस्ती पिते. हॉस्पिटलला फोन लावून विचारलं, तर असा त्रास होऊन दुसरं कुणी आलं नव्हतं. आजारी पडली ती फक्त या ऑफिसातली माणसं. म्हणजे दुधाचं काय झालं ते डेअरी सोडल्यावर आणि पँट्रीत पोहोचण्याआधी झालं.

ताईंनी ते वाटीभर दूध छोट्या भांड्यात ओतलं आणि शेगडी पेटवली. सकाळचं कच्चं दूध, अशा उकाड्यात. तापताच फाटायला हवं होतं. दूध तापलं, कडेला बुडबुडे आले, वर चढलं. फाटलं नाही. आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांना झोंबलं, पापण्यांतून घळाघळा पाणी आलं. झुरळांचं औषध मारणारा मघाच निघून गेला होता.

त्यांनी शेगडी विझवली आणि डोळे पुसत उभ्या राहिल्या. दूध असं का टिकलं, हे त्यांना आता कळलं होतं. आणि घरच्या दुधासारखं ते आपल्याच माणसांनी प्यावं, याला काय म्हणावं ते कळत नव्हतं.

४

त्यांनी आधी हॉस्पिटलला पुन्हा फोन केला. "फॉर्मालिन. दुधातून गेलंय. हेडक्लार्कनी दोन कप घेतलेत," एवढं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, की नक्की का. ताई म्हणाल्या, नक्की.

मग त्या बाहेर आल्या. घरतपासनीस कॉरिडॉरच्या बाकावर आडवा पडला होता. हॉस्पिटलला जायला त्यानं साफ नकार दिला होता, कारण पोलिसांपुढे जबाब द्यायला आपण हजर पाहिजे असं त्याचं म्हणणं. तरुण, कामसू, नियमावर नियम. खोलीत पाऊल टाकायच्या आधीच त्याला ओल दिसते, असं नाना त्याला चिडवत.

"मला मारायलाच निघाली होती ती बाई," तो म्हणाला. "खोली तपासली त्या दिवसापासून माझ्याकडे बघत नव्हती."

"आज सॅम्पल तुम्ही घेतलंत ना?"

"सॅम्पलवाले रजेवर आहेत. साहेबांनी मला पाठवलं. मी म्हटलं होतं, मी घरं बघतो, मला दुधातलं काय कळतं. साहेब म्हणाले, बाटल्या तर भरायच्यात."

"कसं घेतलंत ते सांगा. सगळं, जसं केलंत तसं."

तो उशाशी हात घेऊन आठवू लागला. "डेअरीत कॅनभर दूध घेतलं. पेटीत ती छोटी औषधाची बाटली असते ना, फॉर्मालिनची, ज्यानं सॅम्पल प्रयोगशाळेत जाईपर्यंत नासत नाही. तिचे थेंब टाकले, चांगलं ढवळलं, बाटल्या भरल्या, सील केल्या."

"थेंब कशात टाकले?"

"दुधात."

"अरे, कुठल्या दुधात? बाटल्यांतल्या की कॅनमधल्या?"

तो उठून बसला. त्याचा हात नकळत पोटाशी गेला. "कॅनमध्ये. प्रत्येक बाटलीत मोजत बसण्यापेक्षा एकदमच टाकले. सगळीकडे सारखं मिसळावं म्हणून. चूक झाली का? औषध तर दूध टिकवायचंच आहे."

"ते औषध प्रेतं टिकवायलाही वापरतात," ताई म्हणाल्या. "सॅम्पलवाला आधी बाटल्या भरतो आणि मग प्रत्येक बाटलीत थेंब टाकतो. त्यामुळे उरलेलं दूध साधंच राहतं. आजवर आपण सगळे ते प्यालो आणि कुणाला काही झालं नाही. आज तुम्ही आधी थेंब टाकलेत, आणि रीत म्हणून उरलेला कॅन मावशींच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलात."

"मी पण तोच चहा प्यालो," तो म्हणाला. "वास आला नाही मला."

"सकाळपासून तुमच्या हातालाच तो वास आहे. तुम्हाला कसा येणार?"

त्यानं स्वतःची बोटं नाकाशी नेली. आणि मग दोन्ही हातांत तोंड लपवलं. साहेब मागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. 

ताईंना खरं तर आता बसायला हवं होतं. कोडं सुटलं, मावशी सुटल्या, पोलिसांना परत पाठवायचं. पण मनात एक गोष्ट टोचत राहिली. कॅन मोठा होता. तीन माणसांच्या चहाला त्यातलं किती लागणार, आणि तळाशी तर वाटीभरच उरलं होतं. बाकीचं कुठे गेलं?

त्या स्टोअररूमकडे वळल्या. दार उघडताच मावशी उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, खरं सांगा. नोकरीची काळजी करू नका. कॅनमधलं उरलेलं दूध कुणाला दिलंत?"

मावशींनी मुठीतला पदर सोडला. मग बांध फुटल्यासारखं सगळं एकदम आलं. "माझ्या वाट्याचं दूध मी चहात घालत नाही ताई. लेकीच्या बाळासाठी ठेवते. म्हणून तर चहाही घेत नाही. लेक येते दुपारी, तिच्याजवळ बाटलीत देते. आज दूध पुष्कळ होतं, म्हणून बाटली भरून दिली. चोरी म्हणाल तर चोरी. पण चांगलं दूध होतं ते. तपासणीचं दूध, त्यात काय वाईट असणार, असं वाटलं."

"बाळ केवढं आहे?"

"आत्ता कुठे बसायला लागलंय."

ताईंनी साहेबांच्या खणातून मावशींचा फोन काढून लेकीला लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"बाळ झोपलं की फोनचा आवाज बंद करून ठेवते ती," मावशी म्हणाल्या, आणि चपला न घालताच दाराकडे निघाल्या. "उठलं की दूध देते."

५

मावशींची खोली ऑफिसच्या मागच्या गल्लीत होती, एका इमारतीच्या पाठीमागे, जिथे सांडपाण्याचे पाइप उतरतात. अंतर थोडं, पण ताईंच्या गुडघ्यांना ते थोडं नव्हतं. मावशी पुढे पळत होत्या, मधूनच वळून बघत होत्या, आणि ताई कठड्याला धरून स्वतःला ओढत होत्या. दोन जिने. दुसऱ्यावर दिवा नव्हता. वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि ताईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं रडणं ऐकून बरं वाटलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशींची लेक शेगडीपुढे बसली होती, मांडीवर बाळ भुकेनं कळवळलेलं. ताटलीत दुधाचा पेला गार करत ठेवलेला, आणि तिच्या हातात चमचा. चमच्यात दूध होतं. चमचा बाळाच्या ओठांपासून वीतभर दूर होता.

"थांब," मावशी ओरडल्या.

लेक दचकली, चमचा कलंडला, दूध बाळाच्या झबल्यावर सांडलं. "काय झालं आई? दुधानं डोळे झोंबतायत, म्हणून आधी मी चाखून बघत होते." ती थबकली. "एकच घोट घेतला. कडू लागलं."

"बाळाला दिलंस?"

"नाही अजून."

मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या. ताईंनी पेला मोरीत ओतला, बाटलीही ओतली, पाणी सोडलं आणि पोरीला भरपूर पाणी पाजलं. "हॉस्पिटलला जाऊन ये, आत्ताच. एक घोट म्हणजे काही होणार नाही बहुतेक, पण दाखवून घे." बाळाला शेजारच्या बाईकडून दूध मिळालं. ते पिऊन ते गप्प झालं आणि ताईंकडे टक लावून बघू लागलं.

तेव्हा ताईंनी खोलीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

भिंतीवर छतापासून खाली काळे-हिरवे डाग उतरले होते. पलीकडून पाइप जात असावा. बाळाच्या अंथरुणाची कड ओलसर लागली. एकच खिडकी होती आणि ती बाहेरच्या पाइपामुळे उघडत नव्हती. शेगडीची वाफ वर जाऊन तिथेच थांबत होती. बाळ श्वास घेताना छातीत घरघर होत होती, बारीक, पण ऐकू येण्याजोगी. घरतपासनीसानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

त्याच वेळी साहेबांचा फोन आला.

६

"ताई, बाळ ठीक आहे? देवाची कृपा. नानाही शुद्धीवर आहेत, डॉक्टर म्हणाले धोका टळला." साहेब जरा थांबले. "आता अहवालाचं. बघा, सॅम्पलचं दूध ऑफिस पितं, आणि माहिती नसलेला माणूस आपण सॅम्पलला पाठवला, हे बाहेर गेलं तर लोक आपल्या तोंडावर हसतील. घरतपासनीसाची नोकरी जाईल, पोरगा चांगला आहे. तुम्ही एवढंच लिहा, की चहाचं भांडं नीट धुतलं नव्हतं. पोलीस येणार नाहीत. मावशींना दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ. आणि ती खोलीची नोटीस तुमच्याच टेबलावर आहे ना? फाडून टाका. मी विचारणार नाही."

साहेबांचा आवाज मोठा. खोली लहान. मावशींना सगळं ऐकू गेलं होतं.

ताईंनी फोन कानापासून दूर धरला. "तुमचा कोरा चहा त्याच पातेल्यातून निघाला असं तुम्हीच सांगितलंत साहेब. भांडं अस्वच्छ असतं, तर तुम्हीही आडवे झाला असतात."

"ते कोण विचारतंय?"

"मी विचारते. माझं कामच ते आहे," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मावशी उठल्या. आवाज हळू, पण ठाम. "लिहा ना ताई तसं. माझी ना नाही. भांडं घाण होतं, म्हणा. चहाची नोकरी काय, कुठेही मिळेल. घर कुठे मिळतं? चार महिने शोधून ही खोली मिळाली, जावई गेल्यावर. तुमच्या खोट्यानं कुणाचं बिघडत नाही. माझ्या अंगावर घ्यायला मी तयार आहे."

ताईंना खूप थकल्यासारखं वाटलं. खोटं लिहिलं असतं तर सगळ्यांचंच भलं होतं. नानांच्या पोटात काय गेलं ते डॉक्टरांना कळलेलंच होतं, ते काही बदलणार नव्हतं. पुढच्या सॅम्पलच्या दिवशी मात्र पुन्हा कुणीतरी कॅन कट्ट्यावर ठेवला असता, आणि पुन्हा कुठल्यातरी मावशीनं बाळासाठी बाटली भरली असती. आणि ही भिंत. हिच्याकडे पाठ करून सही टाळणं म्हणजे आठवडाभर जे केलं तेच पुढे चालवणं.

"मावशी, मी खरंच लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर काही येणार नाही. आणि नोटिशीवर सहीही करणार आहे. ही भिंत आहे ना, ती बाळाच्या छातीत उतरलीय. ऐका तुम्ही, घरघर ऐका. आणखी एक थंडी इथं काढली तर ते राहणार नाही."

मावशींचा चेहरा एकदम कठोर झाला. इतकी वर्षं चहा देताना तो चेहरा ताईंनी कधी पाहिला नव्हता.

"खरं लिहून तुम्हाला झोप लागेल ताई," त्या म्हणाल्या. "आम्ही झोपायचं कुठे?"

या प्रश्नाला अहवालात रकाना नव्हता. कुठल्याही नियमात नव्हता. ताईंनी शेकडो खोल्यांवर अयोग्य म्हणून सह्या केल्या होत्या आणि खाली उतरून पुढच्या पत्त्याकडे निघाल्या होत्या. त्या पायरीसारख्या उंबऱ्यावर बसल्या, गुडघा चोळत. बाळ त्यांच्या पदराचं टोक ओढत होतं.

"माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

मावशींना ते कळायला थोडा वेळ लागला. ताईंनाही लागला. त्यांच्या घराची मागची खोली रिकामी होती. तिथे जुने पेपर आणि न वापरलेली गादी. अधिकाऱ्यानं नोटीस दिलेल्या माणसाला घरात ठेवलं, म्हणून स्पष्टीकरण मागितलं जाईल. मागू देत.

"दुसरी खोली मिळेपर्यंत," त्या म्हणाल्या. "उपकार नाही. नोटीस मी काढतेय, तर पुढचंही मीच बघायला हवं."

लेक दारात उभी होती, हॉस्पिटलला जायला पिशवी खांद्याला लावून. तिनं आईकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"तुमच्याकडे खिडकी उघडते का हो?" तिनं विचारलं.

"उघडते," ताई म्हणाल्या.

मावशी अजून थोडा वेळ भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाळाची दुपटी गोळा करायला घेतली.